प्लेगशी प्रयोगाच्या शिस्तीने लढलेले हाफकिन

मुंबईतील परळ भागात जुन्या राजभवनाच्या इमारतीत उभी असलेली हाफकिन संस्था मुंबईकरांना अपरिचित नाही. सर्पदंशावरील लस, पोलिओचे डोस, साथीच्या रोगांची तपासणी अशा अनेक निमित्तांनी हे नाव कानावर पडत आले आहे. मात्र ज्या माणसाचे हे नाव, तो कोण, कोठून आला आणि या शहराने त्याची आठवण का जपली, याची माहिती फार थोड्यांना असते. वाल्डेमार मोर्देकै हाफकिन यांचे आयुष्य म्हणजे केवळ एका लसीच्या शोधाची कथा नव्हे. एखादे औषध गुणकारी आहे हे सिद्ध कसे करायचे, पुरावा कशाला म्हणायचे आणि पुरावा हाती नसताना एखाद्याला दोषी ठरवले तर काय होते, या प्रश्नांची ती कथा आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळंकृत करतात, हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकॉव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली एकपेशीय जीवांचे तासन् तास निरीक्षण करण्याची सवय हाफकिन यांना येथेच जडली. पण तो काळ शांतपणे अभ्यास करण्याचा नव्हता. झारच्या राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांत असंतोष धुमसत होता, ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. तरुण हाफकिन स्वसंरक्षण दलात सामील झाले, जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकल्यामुळे त्यांची सुटका झाली. पदवी मिळाली तरी प्राध्यापकपदाचा मार्ग मात्र बंद होता. धर्मांतर केले तर तो खुला होणार होता. हाफकिन यांनी ते नाकारले आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साध्या नोकरीवर समाधान मानले.

१८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हात शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यानंतर १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉव्ह तेथे आधीच पोहोचले होते. हाफकिन यांच्यासाठी त्या वेळी संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथालयातील काम पत्करले. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम होता.

स्वतःच्या शरीरावर पहिला प्रयोग

त्या काळी कॉलऱ्याच्या साथी युरोप आणि आशियात लाखोंचे बळी घेत होत्या. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये निश्चितपणे ओळखला होता, पण त्यावर भरवशाची लस नव्हती. हाफकिन यांनी हा जंतू एका गिनिपिगच्या उदरपोकळीतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा ओळीने ३९ वेळा नेला आणि त्याची मारकता अनेक पटींनी वाढवली. दुसरीकडे जास्त तापमानात, हवेच्या सतत प्रवाहात वाढवून त्याच जंतूचा दुबळा प्रकार तयार केला. आधी दुबळा आणि काही दिवसांनी मारक जंतू टोचला, तर शरीर तयार होऊन रोगाला थोपवील, हे त्यांचे गृहीतक होते. गिनिपिग, ससे आणि कबुतरे यांच्यावर ते खरे ठरले. माणसाचे काय, हा प्रश्न उरलाच होता.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी दुबळ्या जंतूंची लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण धोका झाला नाही. सहा दिवसांनी दुसरी मात्रा घेतली. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही ती टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस हे निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळासमोर मांडले गेले. लस सुरक्षित आहे, एवढेच या प्रयोगाने सिद्ध झाले होते. ती कॉलऱ्यापासून वाचवते का, याचे उत्तर त्यातून मिळणे शक्य नव्हते, कारण पॅरिसमधील त्या मूठभर माणसांना कॉलऱ्याचा संसर्ग झालाच नव्हता. ते उत्तर जेथे साथ चालू आहे तेथेच मिळणार होते. पूर्वी भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने मार्ग निघाला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले.

पहिल्या वर्षी त्यांनी उत्तर भारतात हजारो लोकांना लस टोचली. परंतु त्यातून पक्का निष्कर्ष निघेना. टोचलेले सैनिक दुसऱ्या छावणीत जात, साथ भलत्याच ठिकाणी उद्भवे. एका गावात टोचलेले लोक आणि दुसऱ्या गावात न टोचलेले लोक यांची तुलना करण्यात अर्थ नव्हता, कारण दोन्ही गावांचे पाणी वेगळे, राहणीमान वेगळे. तुलना करायची तर एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या आणि एकाच वेळी साथीला तोंड देणाऱ्या माणसांत करायला हवी होती. ही संधी १८९४ मध्ये कोलकात्याच्या काठालबागान या गरीब वस्तीत मिळाली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे दहा रुग्ण आढळले, त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्या ८४ जणांमधील होते. आकडे लहान होते, पण तुलना खरी होती. कोलकात्याच्या नगरपालिकेने या कामाला पाठबळ दिले. पुढे आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्येही टोचणी झाली. या धावपळीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ मध्ये त्यांना विश्रांतीसाठी युरोपात परतावे लागले.

मुंबईवर कोसळलेले संकट

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि मुंबई हादरली. धान्याची कोठारे, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदरांचा सुळसुळाट यांमुळे साथ वेगाने फैलावली. लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले. पुढच्या दोन दशकांत या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, घरोघरी सैनिक शिरू लागले, सामान जाळले जाऊ लागले. या जाचाचा उद्रेक २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाला.

अशा वातावरणात, ऑक्टोबर १८९६ मध्ये, हाफकिन मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिने त्यांनी अहोरात्र काम केले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता आणि त्याच्या स्वभावाविषयी फारशी माहिती नव्हती. हाफकिन यांनी तो मांसरसात वाढवला. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून हा रस बकऱ्याच्या मांसाचा केला. रसाच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या तुपाच्या आधाराने जंतूंची वाढ होई आणि तिचे धागे लोंबत्या झुंबरासारखे खाली उतरत. ते हलवून पाडले की पुन्हा नवी वाढ होई. काही आठवड्यांनी सारा रस तापवून जंतू मारले जात आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. या वेळी जिवंत नव्हे, तर मृत जंतूंची लस होती. आपल्या स्वयंपाकघरातील तूप प्लेगच्या लसीच्या कामी आले, ही गोष्ट आजही अनेकांना ठाऊक नसते.

सशांवर लसीचा गुण दिसल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी दहा घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना दिल्या गेलेल्या नेहमीच्या मात्रेपेक्षा ही कितीतरी अधिक होती. त्यांना तीव्र ताप आला, पण काही दिवसांत उतार पडला.

भायखळ्याच्या तुरुंगातील कसोटी

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंगातील कैद्यांचे अन्न एक, पाणी एक, कामाचे तास एक आणि झोपण्याची जागाही एकच. म्हणजे लस सोडून बाकी साऱ्या गोष्टी समान. हाफकिन यांना हवी असलेली परिस्थिती येथे आपोआप उपलब्ध झाली होती. कैद्यांना लस घेण्याविषयी विचारण्यात आले आणि सुमारे दीडशे जण पुढे आले. उरलेल्या पावणेदोनशेच्या आसपास कैद्यांनी लस घेतली नाही. टोचल्याच्या दिवशीच ज्यांच्यात रोगाची लक्षणे दिसली, त्यांना आधीच लागण झालेली होती, म्हणून त्यांची गणना वेगळी ठेवली गेली. त्यानंतरच्या काळात लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि त्यांतील निम्मे दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, तुलना आणि निष्कर्ष अशा पायऱ्या शिकवल्या जातात. अंधारात ठेवलेल्या रोपाशेजारी उजेडात ठेवलेले रोप असावेच लागते, नाहीतर पाने पिवळी पडण्याचे कारण सांगता येत नाही. भायखळ्यात लस न घेतलेले कैदी हे त्या दुसऱ्या रोपासारखे होते. त्यांच्याशिवाय लस घेतलेले कैदी वाचले यात लसीचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, हे ठरवता आले नसते. आजच्या नीतिनियमांत कैद्यांवरील अशा प्रयोगांना कठोर मर्यादा आहेत आणि त्या योग्यच आहेत. त्या काळी असे नियम नव्हते. तरीही लस लादली गेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते.

मात्र या पद्धतीत एक उणीव होती. स्वेच्छेने पुढे येणारी माणसे मुळातच अधिक सुदृढ किंवा अधिक सावध असू शकतात. मग फरक लसीमुळे पडला की माणसांच्या स्वभावामुळे? ही शंका दूर करण्याचा प्रयत्न फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावात झाला. गावातील लोकांना कुटुंबवार उभे करण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. एका छपराखाली, एका चुलीवरचे खाणाऱ्यांत आता दोन गट झाले. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन मरण पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची आधुनिक पद्धत वैद्यकात रूढ झाली ती १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील औषधाच्या चाचणीनंतर. त्याच्या अर्धशतक आधी गुजरातच्या एका खेड्यात त्याच दिशेने पाऊल पडले होते.

दमणमध्येही १८९७ मध्ये असाच फरक दिसला. तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले, तर न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. टोचल्याने माणसे मरतात, धर्म बुडतो अशा अफवा पसरलेल्या असताना हे आकडे बोलके होते. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लसीच्या मात्रेतील अचूकतेविषयी आणि नोंदींविषयी काही आक्षेप घेतले, पण लसीमुळे रोगाचे आणि मृत्यूंचे प्रमाण घटते, हे मान्य केले.

मुलकोवालची दुर्घटना

यशाच्या शिखरावर असताना आघात झाला. पंजाबात प्लेगचा कहर सुरू होता आणि लाखो मात्रांची मागणी मुंबईकडे येत होती. उत्पादन वाढवण्यासाठी कार्बोलिक आम्ल न मिसळता केवळ उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत परळच्या प्रयोगशाळेत अवलंबण्यात आली होती. पाश्चर संस्थेत ती मान्य होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात १०७ जणांना लस देण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी वापरलेल्या पाच बाटल्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

प्रश्न एवढाच होता, की धनुर्वाताचे जंतू बाटलीत कोठे शिरले. मुंबईत ४१ दिवसांपूर्वी ती भरताना की मुलकोवालमध्ये ती उघडताना? मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. दोष बाटली उघडण्यापूर्वीचा, म्हणजेच प्रयोगशाळेचा असावा, असा तिचा कल पडला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा मुद्दा हाफकिन यांच्या विरोधात गेला. त्यांना पद सोडावे लागले, वेतन थांबले. ज्या माणसाने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली होती, त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला. हाफकिन लंडनला गेले आणि एकेक कागद गोळा करत आपली बाजू मांडत राहिले.

चौकशीचे कागदपत्र १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तेव्हा इतर शास्त्रज्ञांना ते तपासून पाहता आले. डासांमार्फत हिवताप पसरतो हे भारतात सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस त्यांत आघाडीवर होते. त्यांचा युक्तिवाद प्रयोगशाळेतील निरीक्षणांवर उभा होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत ४१ दिवस वाढले असते, तर तिला उग्र दुर्गंधी आली असती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटली उघडताना वास घेऊन पाहिला होता आणि तसे काही आढळले नव्हते. इतके दिवस जंतू वाढले असते, तर विषही प्रचंड साठले असते आणि लक्षणे लगेच दिसली असती. प्रत्यक्षात ती अनेक दिवसांनी दिसली. शिवाय बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशक द्रावात बुडवून वापरला गेला होता, हे साक्षीत नोंदलेले होते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे वैद्यकाला ठाऊक होतेच. हे सारे दुवे मुंबईकडे नव्हे, तर मुलकोवालकडे बोट दाखवत होते.

२९ जुलै १९०७ रोजी रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटिश संसदेतही हा विषय गाजला. फ्रान्समधील ज्यू अधिकारी ड्रायफस यांच्यावरील खोट्या आरोपांशी अनेकांनी या प्रकरणाची तुलना केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे गेली होती. विशेष म्हणजे त्यांची सुटका कोणाच्या दयेने झाली नाही, तर त्यांनी आयुष्यभर ज्या पद्धतीचा आग्रह धरला, त्याच पद्धतीने झाली.

दरम्यान परळच्या प्रयोगशाळेत प्लेगचे दुसरे कोडे सुटत होते. उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते, पण ते अनेकांना पटले नव्हते. १९०५ नंतर प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी गिनिपिगचे काही पिंजरे जमिनीवर तर काही पिसू उडी मारून पोहोचू शकणार नाही इतक्या उंचीवर टांगले. खालच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला, उंचावरचे वाचले. हवा दोघांचीही एकच होती. रोग हवेतून येतो ही समजूत या साध्या तुलनेपुढे टिकली नाही.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन भारतात परतले, पण मुंबईला नव्हे. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली, मात्र लसनिर्मितीची सोय तेथे नव्हती. कॉलऱ्याची मृत जंतूंची लस लोकांत तपासून पाहण्याची त्यांची इच्छा पुरी झाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी भारत कायमचा सोडला. ते अविवाहित राहिले. उत्तरायुष्यात त्यांचे मन धर्माकडे वळले. आपली पुंजी त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या संस्थांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईने मात्र त्यांना दूर सारले नाही. १९२५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर येथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. प्लेगच्या साथी वऱ्हाडातही पोहोचल्या होत्या. गावे ओस पडत आणि लोक शेतात झोपड्या बांधून राहत. आज वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावात बाळाला लस टोचून घेणाऱ्या आईला हाफकिन हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तिच्या बाळाला दिली जाणारी प्रत्येक लस आधी प्राण्यांवर, मग मोजक्या माणसांवर आणि शेवटी दोन गटांच्या काटेकोर तुलनेतून पारखली गेलेली असते. ही पारख भारतात सर्वप्रथम रुजवणाऱ्यांत ओडेसाहून आलेल्या या माणसाचे नाव घ्यावे लागते. औषध कितीही आशादायक वाटले, तरी ते न घेतलेल्यांचे काय झाले हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, हा भायखळ्याच्या तुरुंगातला धडा सव्वाशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही.